डावा गुडघा, गोल्फ आणि गच्चीवरची जाळी

निवृत्त_कॅशियर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

वय ५८. बँकेतून सुटलो त्याला दोन वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो. त्याने तिकडे गोल्फच्या सरावाला नेलं आणि या वयात नाद लागला. महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो, खेळतो, परत येतो. बाकीचे दिवस इथे जुळे सोलापुरात घराच्या गच्चीवर जाळी बांधलीय. स्लॅबवर रबरी मॅट टाकलीय आणि रोज सकाळी शंभरेक चेंडू मारतो.

डिसेंबरपासून डावा गुडघा दुखतोय. आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीवर बोट ठेवलं की नेमकं तिथेच. मारताना फारसं कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज असते. परवा सात रस्त्याला रिक्षातून उतरताना पाय अडकल्यासारखा झाला, झटकला तेव्हा सुटला. घाम फुटला.

एका डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि एमआरआय काढा, दुर्बिणीने करून टाकू म्हणाले. दुसरे म्हणाले, वय झालं, घासलाय, गोळ्या घ्या. सासूबाई निर्गुंडीचा पाला घेऊन तयार आहेत.

प्रश्न असा की गुडघ्यात नक्की काय दुखावलंय हे ओळखायचं कसं? इथे कुणी गोल्फ खेळणारं आहे का? की मी एकटाच?

---

शेंगाचटणी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५२

सोलापुरात गोल्फ? एप्रिलमध्ये चेंडू मारला की वितळला, ते कसं कळतं बे?

---

जुनी_मिल | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले लई बघितले, गुडघ्याला बर्फ बांधून गोल्फ खेळायला निघालेले तुम्हीच पहिले.

चेष्टा सोडा. पाय ओढणाऱ्याकडे, चोळणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. माझा गुडघा १९९६ साली जिन्यावरून पडून मुरगळला होता. गावाकडच्या हाडवैद्याने पाय धरून असा पिळला की आढ्याकडे बघत आईला हाक मारली. मुरगळणं आठवड्याचं होतं, पिळण्याने तीन महिने घेतले.

---

तळ्याकाठी | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

कॅशियरसाहेब, राग मानू नका, पण गोल्फने गुडघा दुखतो हे पटत नाही. धावणं नाही, उडी नाही, कुणी अंगावर येत नाही. काठी फिरवायची आणि चालत जायचं. आमच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे बघा. उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून गर्दीतून अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. त्यांचे गुडघे धडधाकट आणि साहेबांचा गेला?

---

डावखुरा_१८ | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मी खेळतो. मूळचा विजापूर रोडचा, आता पुण्यात, बारा वर्षं खेळतोय. तळ्याकाठी, तुमची शंका बरोबर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

नंदीध्वज पेलणारा माणूस वजन सरळ खाली घेतो. शिवाय पावलं उचलून टाकत असतो, आणि तरुण पोरं वर्षभर त्यासाठी अंग कमावतात. गोल्फमध्ये भानगड वजनाची कमी, पिळाची जास्त आहे. उजव्या हाताने खेळणारा फटका मारतो तेव्हा सगळं अंग डावीकडे वळतं, भार डाव्या पायावर येतो आणि त्याच क्षणी मांडीचं हाड फिरतं. पाऊल मात्र जमिनीला घट्ट. आता घरचं जातं डोळ्यासमोर आणा. खालची तळी स्थिर, वरची फिरते, मधलं दळलं जातं. गुडघ्यात त्या मधल्या जागेत दोन गाद्या असतात, मेनिस्कस म्हणतात त्यांना. कृत्रिम सांध्यात मोजमापाची यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात फटक्याच्या वेळी पुढच्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या चार पटींहून जास्त भार मोजला गेलाय. मागच्या गुडघ्यावर तीन पटींच्या आसपास.

म्हणून गोल्फरचा गुडघा म्हटला की आधी विचारायचं, तुम्ही उजवे की डावे? मी डावखुरा, माझा उजवा गेला होता.

टायगर वुड्सचं उदाहरण घ्या. २००८ ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा, टोरी पाइन्सचं मैदान. डाव्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा आतला बंध) तुटलेलं, नडगीच्या हाडाला ताणामुळे बारीक चिरा, आणि त्या पायावर ९१ होल (चेंडू घालायचे खड्डे) खेळून जिंकला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, उरलेला मोसम घरी.

साहेब, एक विचारतो. मॅटवर उभं राहताना डावं पाऊल कसं ठेवता? चेंडूच्या रेषेला काटकोनात की थोडं बाहेर वळवून?

---

शेंगाचटणी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

टायगर तेव्हा ३२ वर्षांचा होता. आमचे साहेब ५८ चे, आणि समोर यूएस ओपन नाही, शेजारच्यांची गच्ची आहे.

---

निवृत्त_कॅशियर | १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

डावखुरा, अगदी काटकोनात. व्हिडिओत तसंच दाखवलं होतं. आणि बूट नवे आहेत, तळवा रबरी मॅटला गोचिडासारखा चिकटतो. मला वाटत होतं चांगलंच आहे, घसरत नाही.

---

मनवा_फिजिओ | १२ फेब्रुवारी, रात्री ८:५०

काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाग्यावर निदान करता येत नाही आणि करूही नये. पण डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचं ते तरी नीट लिहून ठेवा. "गुडघा दुखतो" एवढ्याने काही कळत नाही. कुठे, केव्हा आणि सूज किती वेळाने, या तिघांत अर्धं उत्तर असतं.

सूज आधी घेऊ. खेळताना "कट्" असा आवाज आला, गुडघा निसटल्यासारखा वाटला आणि दोन-चार तासांत टरटरून सुजला, तर आत रक्त साचल्याची शक्यता, एसीएल किंवा हाडाची इजा बघावी लागते. अशी इजा गोल्फमध्ये क्वचितच होते. तुमच्यासारखी दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज, फटीवर बोटाने दाखवता येणारी जागा आणि पिळताना कळ हे गादीकडे बोट दाखवतं. जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना पुढे वाटीमागे दुखतं ते प्रकरण वेगळं. सकाळी थोडा वेळ आखडतो, चाललं की सुटतो, संध्याकाळी पुन्हा ठणकतो ते झिजेचं. फटीच्या तीन-चार बोटं खाली, नडगीच्या आतल्या अंगाला दाबलं की ओरडायला होतं, तर तिथल्या स्नायूबंधांखालची पिशवी सुजलेली असते. तो त्रास लोक उगाच "सांधा गेला" म्हणून वागवत बसतात.

पडून किंवा जोरात मुरगळून दुखलं असेल तर हाड मोडलंय का यासाठी एक्स-रे कुणाला हवा याचा साधा नियम आहे. वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवरच दुखणं, बाहेरच्या बाजूला नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणं, किंवा चार पावलंही टाकता न येणं. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे.

आणि थांबायचंच नाही अशा गोष्टी: गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप, किंवा पोटरी सुजून दुखतेय. तेव्हा निर्गुंडी, बर्फ, हा धागा, सगळं सोडून त्याच दिवशी दवाखाना.

काका, अजून एक. दिवसभरात दुसरं काय करता? बागकाम, जमिनीवर बसणं, योगासनं? गोल्फला सगळे शिव्या घालतायत, पण शंभर चेंडू अर्ध्या तासात संपतात. उरलेल्या साडेतेवीस तासांचं काय?

---

हुरडा_पार्टी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

निर्गुंडीला नावं ठेवू नका. माझ्या आज्जीने पाला गरम करून बांधला की दुसऱ्या दिवशी शेतात.

---

मनवा_फिजिओ | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३३

नावं कुठे ठेवली? जुन्या, आखडलेल्या, सूज नसलेल्या गुडघ्याला शेक बरा वाटतो, खुशाल घ्या. ताज्या सुजेवर पहिले दोन दिवस शेक आणि चोळणं नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, उघडा कातडीवर नाही. फ्रीजरमधली मटाराची पिशवीही चालते, गुडघ्यावर छान बसते.

---

हुरडा_पार्टी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३६

मटार नंतर भाजीला वापरायचे का?

---

मनवा_फिजिओ | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३८

ते घरी विचारा.

---

अस्थिर | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

आयडीवर जाऊ नका, मी हाडांचाच डॉक्टर आहे. मनवाताईंनी चांगलं लिहिलंय. मला एमआरआयबद्दल बोलायचंय, कारण तिथे फार गोंधळ होतो.

पन्नाशीनंतर शंभर माणसं रस्त्यावरून उचलून एमआरआय काढले तर पुष्कळांच्या गादीत फाट दिसेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा गुडघा कधी दुखलेलाही नसेल. केस पिकतात तशी गादीही जुनी होते. त्यामुळे रिपोर्टात "फाटलीय" असं आलं म्हणजे दुखणं तिथूनच आहे असं नाही, आणि दुर्बीण घातली की दुखणं जाईल असंही नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली तज्ज्ञांच्या गटाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. अशा गुडघ्याला आधी व्यायाम, वजन आणि सवयी. तीन महिने मनापासून.

अपवाद आहे. गुडघा खरोखर कुलूप लागल्यासारखा अडकला, तासन् तास सरळच होईना, तर गादीचा मोठा तुकडा उलटून मध्ये आलेला असू शकतो. तिथे उशीर करायचा नाही. तरुण माणसाची एका झटक्यात फाटलेली गादी शिवता येते, तीही वेगळी गोष्ट. कॅशियरसाहेब, तुमचा पाय झटकल्यावर सुटला आणि पुन्हा अडकला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण पुन्हा झालं तर तारीख लिहून ठेवा आणि दाखवा.

एक्स-रे काढलात का? काढला तर उभं राहून काढला का? झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट फसवी मोठी दिसते, अंगाचा भार पडल्यावरच खरी कळते.

आणि गोळ्या. रक्तदाब, किडनी, पित्त यांपैकी काही असेल तर वेदनाशामक गोळी "मेडिकलवाल्याने दिली" म्हणून घेऊ नका.

---

जुनी_मिल | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

डॉक्टर, एवढा वेळ दवाखान्यातही द्याल का?

---

अस्थिर | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:०४

दवाखान्यात बाहेर चाळीस माणसं असतात. इथे पहाटे सहाला चहा असतो.

---

पाच्छापेठची_लेक | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

थोडं विषयांतर करते, माफ करा. गोल्फ मी टीव्हीवरही बघितलेलं नाही. आईने पस्तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, एक गुडघा दुमडलेला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आता ६६ वर्षांची आहे, दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. संडासात बसता येत नाही, रात्री झोप नाही. सांधे बदला म्हणतात. खर्चाची भीती वाटते आणि ती म्हणते, "आता किती दिवस राहिले, कशाला". हा धागा वाचून वाटलं विचारावं.

---

अस्थिर | १३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

विषयांतर कसलं, गुडघा तोच आहे. पाय वाकलेत, रात्री दुखणं झोपू देत नाही, चालणं घरापुरतं उरलंय, अशा वेळी बदलाचा विचार करायला हरकत नाही. ६६ हे त्यासाठी फार वय नाही. "किती दिवस राहिले" म्हणणाऱ्या बाया नंतर वीस वर्षं त्याच गुडघ्यावर पंढरपूर करताना बघितल्यात.

खर्चाचं: ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. नेहमी वापरतात तो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी दीड लाखाच्या वर जायचा, तो ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. त्यानंतर आकडे थोडे बदललेत, पण मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. हॉस्पिटलचा बाकी खर्च त्यात नाही. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि डब्यावरचं लेबल मागून घ्या. आणि तोवर संडासात खुर्ची बसवा. एवढ्यानेही तिचा निम्मा जाच कमी होईल.

---

पाच्छापेठची_लेक | १३ फेब्रुवारी, रात्री १०:४१

खुर्ची उद्याच आणते. धन्यवाद डॉक्टर.

---

शेंगाचटणी | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:००

सांधा बदलल्यावर गोल्फ खेळता येतो का? साहेबांसाठी विचारतोय.

---

डावखुरा_१८ | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

येतो. आमच्यात दोघे आहेत, एकाचे दोन्ही बदललेत. साधारण तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर परवानगी देतात. आधी नुसतं पटिंग, म्हणजे चेंडू हळूच खड्ड्यात ढकलणं, मग छोट्या काठ्या, ड्रायव्हर ही सगळ्यात लांब काठी सगळ्यात शेवटी. मैदानात चालण्याऐवजी छोटी गाडी. दोघेही चेंडू पहिल्यासारखा लांब मारत नाहीत, पण पूर्वीपेक्षा जास्त बढाया मारतात.

---

निवृत्त_कॅशियर | २६ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मंडळी, उशीर झाला. तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं कागदावर लिहून नेलं होतं, जुनी सवय. त्यांनी पलंगावर झोपवून पाय वाकवून, फिरवून पाहिला. एका विशिष्ट कोनात आतल्या बाजूला टक् झालं आणि कळ आली. उभं राहून एक्स-रे काढला. फट थोडी कमी झालीय, फार नाही. गादीची जुनी फाट असावी म्हणाले, एमआरआय आत्ता नको, तीन महिने व्यायाम, मग बघू.

खरी गंमत पुढे आहे. फिजिओच्या मॅडमनी गुडघ्याला हात लावायच्या आधी माझा खुबा फिरवून पाहिला. डावा खुबा आत वळतच नाही! तीस वर्षं काउंटरच्या खुर्चीत बसून गंज चढलाय म्हणाल्या. फटका मारताना खुब्याने जे वळायचं ते तो वळत नाही, म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मी दोन महिने दोषी म्हणून चुकीच्याच माणसाला पकडलं होतं.

आणि मनवाताई, तुम्ही विचारलेल्या साडेतेवीस तासांचं उत्तर मी मुद्दाम टाळलं होतं. आता कबूल करतो. निवृत्तीनंतर व्हॉट्सॲपवर आलं होतं, जेवणानंतर वज्रासन करा, पचन सुधारतं. दोन्ही वेळा पंधरा-पंधरा मिनिटं, दोन वर्षं. नोव्हेंबरात वाढवून वीस केलं. डिसेंबरात गुडघा दुखायला लागला. मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

---

मनवा_फिजिओ | २६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मला वाटलंच होतं!! गुडघा पूर्ण दुमडला की गादीचा मागचा भाग चिमटीत सापडतो. निरोगी गुडघ्याला सवयीने चालतं, दुखावलेल्याला रोज चाळीस मिनिटं म्हणजे जखमेवर बसणंच झालं. पचनासाठी जेवून शतपावली करा.

---

तळ्याकाठी | २६ फेब्रुवारी, रात्री ८:४४

म्हणजे मी म्हणत होतो तेच. गोल्फचा दोष नव्हता.

---

डावखुरा_१८ | २६ फेब्रुवारी, रात्री ९:०२

पूर्ण नव्हता. काटकोनातलं पाऊल, चिकट बूट आणि न वळणारा खुबा यांचाही वाटा आहेच. अर्धा मुद्दा तुमचा, अर्धा माझा.

---

तळ्याकाठी | २६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

पाऊण माझा.

---

निवृत्त_कॅशियर | १९ मे, सकाळी ७:३०

धागा वर काढतोय. तीन महिने झाले.

काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा, पण आपापल्या डॉक्टरांना विचारूनच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, असं दहादा. पाय सरळ ठेवून उचलायचा. कुशीवर झोपून गुडघा उघडायचा, शिंपल्यासारखा. खुर्चीत बसायचं-उठायचं, हात न लावता. खुब्यासाठी वेगळे ताण. पहिले तीन आठवडे काही फरक नाही, वैतागून सोडणार होतो. पाचव्या आठवड्यात जिना चढताना लक्षात आलं की आज कठडा धरला नाही.

वजन चार किलो उतरलं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो म्हणे. कॅशियरला असा हिशोब आवडतो. कडक भाकरी चालू आहे, वरचं तेल आणि शेंगाचटणी निम्मी केली (आयडीला नाही, खऱ्या चटणीला).

एप्रिलमध्ये नुसतं पटिंग. मग अर्धा फटका, छोट्या काठीने, वीस चेंडू. डावं पाऊल आता थोडं बाहेर वळवतो आणि फटका संपताना टाच सुटू देतो. गेल्या रविवारी पुण्यात नऊ होल खेळलो, गाडीतून. दुसऱ्या दिवशी सूज नाही. चेंडू उचलायला वाकताना मात्र अजून काठीचा आधार घेतो.

ड्रायव्हर अजून पिशवीतच आहे. मॅडमनी जुलैपर्यंत हात लावायचा नाही म्हटलंय.

---

पाच्छापेठची_लेक | १९ मे, सकाळी १०:१०

काका, छान वाटलं वाचून. आईच्या उजव्या पायाचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते. डाव्याचं नाव काढलं की चिडते, पण दिवाळीनंतर बघू म्हणाली.

---

शेंगाचटणी | १९ मे, सकाळी १०:३०

ते सगळं ठीक हाय साहेब. गच्चीवरच्या जाळीचं काय झालं? या उन्हात येऊन एकदा बघायचीय मला.

---

निवृत्त_कॅशियर | १९ मे, सकाळी १०:४८

जाळी काढली. अर्धा फटका म्हणून मारलेला एक चेंडू उसवलेल्या भागातून थेट शेजारच्यांच्या सोलर बंबावर गेला. दोन नळ्या फुटल्या. भरून दिल्या. ते म्हणाले, "तुमचा गुडघा दुखत होता तेव्हा बरं होतं."